पोहे, केळं आणि मुलींची मेहनत

आमच्या चॅनलवर क्रिकेटचं समालोचन करणारे चौघे होते. मुलींच्या हॉकी स्पर्धेचं थेट प्रक्षेपण करायचं ठरलं, तेव्हा चौघांच्याही घरी एकाच आठवड्यात लग्नं निघाली. पाचवी मी. माझ्या घरी लग्नाच्या वयाचं कोणी उरलं नव्हतं, म्हणून मी गेले.

चॅनल म्हणजे फार मोठं काही नाही. बडोद्यात एका टायरच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, आणि तिथून निघणारं चित्र लोकांच्या मोबाइलवर आणि काही भागांत केबलवर दिसायचं. आमचे साहेब पूर्वी लग्नांचे व्हिडिओ काढायचे. त्यामुळे खेळाच्या प्रक्षेपणातही त्यांना मधूनमधून जेवणाऱ्या माणसांचे चेहरे आणि वरून फिरणारा ड्रोन लागायचा. मी त्यांच्याकडे आले ती गरब्याच्या निवेदनातून. पुढे टेनिस बॉलच्या क्रिकेटला बसवलं आणि तिथेच रमले. घरात मराठी, रस्त्यावर गुजराती आणि माइक हातात आला की हिंदी, असं माझं तीन डब्यांचं तोंड आहे, आणि बडोद्यात तेवढ्यावर माणूस बराच काळ तरून जातो.

हॉकीचे नियम मी दोन दिवसांत शिकले. नियम सोपे निघाले. अवघड निघाल्या त्या मुलाखती.

पहिल्याच दिवशी लक्षात आलं की ज्या मुली डोळ्यांना दिसणार नाही अशा वेगाने चेंडू मारतात, त्यांना माइककडे बघवत नाही. एकीला विचारलं, जिंकून कसं वाटतंय. ती म्हणाली, ‘सारुं लागे छे,’ म्हणजे छान वाटतंय. पुढच्या सामन्याबद्दल विचारलं, तर ‘सारुं’. संध्याकाळी हरलेल्या संघातली एक मुलगी मिळाली, डोळे लाल, गुडघा सोललेला. तिला जपून विचारलं, तरी तीही म्हणाली, ‘सारुं.’ एका संघाचे प्रशिक्षक होते, ते कोणत्याही प्रश्नाला ‘बेसिक्स’ एवढंच सांगायचे. दुसरे एक माझ्याशी बोलता बोलता माझ्या खांद्यावरून मागे बघून आपल्या मुलींना झापत होते. कॅमेऱ्यात मात्र ते मलाच झापताहेत असं दिसलं. हरणीहून, म्हणजे बडोद्यातल्याच आमच्या घरून, आईचा फोन आला. तो माणूस तुला एवढं का बोलत होता, आणि तू मान का डोलावत होतीस, हे तिला जाणून घ्यायचं होतं. आमच्या घराण्यात कोणी कोणाचं ऐकून घेतलेलं नाही, हेही तिने सांगितलं. माझे पणजोबा बडोदे संस्थानात कारकुनी करत होते, पण आईच्या बोलण्यात त्यांना दर काही वर्षांनी बढती मिळते, आणि सध्या ते दिवाणांच्या खालोखाल आहेत.

अशात मला ते सर भेटले.

वाघोडियाकडच्या मुलींचा एक संघ होता. बहुतेक मुली तिथल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या. त्यांचे प्रशिक्षक मराठी, रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे भुसावळकडचे आणि उभं आयुष्य बडोद्यात काढलेले. उंच, काटक, डोक्यावर पांढरी टोपी, गळ्यात शिट्टी. मैदानात त्यांचा आवाज या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. माझ्यासारख्या माणसाला असा आवाज ऐकला की आनंद होतो. म्हटलं, हा माणूस बोलेल.

सामन्याआधी त्यांना गोलपोस्टजवळ उभं केलं. आमचे कॅमेरामन रोज डभोईहून बसने यायचे आणि दिवसभरात मोजकंच बोलायचे. त्यांनी मला खूण केली, आवाज तपासून घ्या. आवाज तपासताना मी सगळ्यांना एकच विचारते, आज काय खाल्लं. समोरचा मराठी होता म्हणून मराठीत विचारलं, “सर, आज सकाळी मुलींनी नाश्त्याला काय खाल्लं?”

सर ताठ उभे राहिले, कॅमेऱ्याच्या वर कुठेतरी नजर लावली आणि म्हणाले, “पोहे. आणि एकेक केळं. बाकी देवाची कृपा आणि मुलींची मेहनत.”

मी छान म्हटलं आणि खऱ्या प्रश्नांसाठी घसा साफ केला. तेवढ्यात कॅमेरामननी हात खाली घेतला. मुलाखत संपली होती. मी तपासणी म्हणून जे विचारलं ते थेट गेलं होतं, आणि आता सामना सुरू होत होता. मी त्यांच्याकडे बघितलं तर ते म्हणाले, “चालशे.”

तो सामना वाघोडियाच्या मुली जिंकल्या. समोरचा संघ मोठा होता, त्यांच्या बॅगासुद्धा एकसारख्या होत्या. कोणाला अपेक्षा नव्हती. साहेब खुशीत होते, कारण मराठीतला प्रश्न आणि पोहे यांवर लोकांनी बऱ्याच गमतीच्या प्रतिक्रिया लिहिल्या होत्या. मी मात्र ठरवलं की दुसऱ्या सामन्याला नीट अभ्यास करून जायचं.

अभ्यास केला. मी हळदी रंगाचा कुर्ता बदलून निळा घातला, प्रश्न पाठ केले आणि मैदानावर पोचले. सर लांबूनच मला बघून थांबले. मग त्यांच्या संघाची गोलकीपर माझ्याकडे आली. गोलकीपर म्हणजे पायांना गाद्यांएवढे पॅड, छातीवर चिलखत, डोक्यावर लोखंडी जाळीचं हेल्मेट. चालताना दिवाणखान्यातला सोफा अंगावर चालून येतोय असं वाटायचं. तिने हेल्मेट वर केलं, आत जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांचा हसरा चेहरा होता. मोडक्या मराठीत, मधूनमधून गुजराती घालत तिने सांगितलं की सर मुलाखत देतील, पण प्रश्न तोच पाहिजे. जागा तीच पाहिजे. आणि झालंच तर कुर्तासुद्धा तोच.

मी विचारलं, हे काय आहे. ती म्हणाली, शकुन आहे. परवा तसं झालं आणि आम्ही जिंकलो.

मला हसू आलं. मी सरांकडे गेले. त्यांनी टोपी नीट करत मला समजावलं की ते स्वतः असलं काही मानत नाहीत, आयुष्यभर रेल्वेत यंत्रांबरोबर काम केलेला माणूस कशाला मानेल, पण मुली मानतात आणि सामन्याआधी मुलींचं मन मोडू नये. मी गोलकीपरकडे परत आले. ती म्हणाली, आम्ही नाही मानत हो ताई, सर मानतात. आम्ही त्यांचं मन राखतो.

हरणी मैदानापासून लांब नव्हतं. मी रिक्षाने घरी गेले, धुवायला टाकलेला कुर्ता काढला आणि घालून परत आले. आईने दारातून विचारलं, हा काय प्रकार आहे. म्हटलं, कामाचा भाग आहे.

त्या दिवशी पुन्हा विचारलं, मुलींनी काय खाल्लं. पुन्हा पोहे, एकेक केळं, देवाची कृपा आणि मुलींची मेहनत. त्याच सुरात, तेवढ्याच ताठपणे, कॅमेऱ्याच्या वर तिथेच नजर. आणि पुन्हा ते जिंकले.

तिसऱ्या सामन्यानंतर गोष्ट माझ्या हातात राहिली नाही. लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या की चॅनल जुनीच मुलाखत परत दाखवतंय. माझा कुर्ता तोच, सरांची टोपी तीच, मागचा गोलपोस्ट तोच आणि शब्दही तेच म्हटल्यावर लोकांची काय चूक. साहेबांनी मला हातात त्या दिवशीचं वर्तमानपत्र धरून उभं राहायला सांगितलं, म्हणजे तारीख दिसेल. मी उभी राहिले. कॅमेरामननी मान हलवली. त्यांच्या मते मी ओलीस ठेवलेल्या बाईसारखी दिसत होते.

दुसरीकडे पोह्यांनी स्वतःचा रस्ता धरला. अहमदाबादच्या संघाचे प्रशिक्षक, तेच ‘बेसिक्स’वाले, मला कोपऱ्यात घेऊन विचारू लागले की पोहे कांद्याचे की बटाट्याचे. पुढच्या सामन्याआधी त्यांनी आपल्या मुलींना पोहे चारले आणि त्या हरल्या. शेवही घातली होती म्हणे. एका फरसाणवाल्याने आमच्या साहेबांना गाठलं आणि मुलाखतीच्या मागे आपल्या दुकानाचा फलक लावता येईल का असं विचारलं. साहेबांना हे पटलं, पण फलक लावला तर जागा बदलल्यासारखी होईल म्हणून गोलकीपरने तो काढून ठेवला. तिने काढला म्हटल्यावर परत लावायला कोण जाणार. आहारतज्ज्ञ म्हणून एक बाई स्टुडिओत बोलावल्या गेल्या आणि त्यांनी केळ्याबद्दल इतकं सुंदर सांगितलं की आईने मला फोन करून दोन डझन आणायला सांगितली.

खरे हाल झाले ते संघातल्या मुलींचे. सर खोटं बोलायचे नाहीत. माइकवर पोहे सांगायचे म्हणजे सकाळी पोहे खाल्लेले असायलाच हवेत. मुलींचा डबा घरून यायचा, कोणाची बाजरीची ढेबरी, कोणाचा थेपला. तो त्या सामन्यानंतर खायच्या. सकाळी सगळ्यांनी ओळीत बसून पोहे संपवायचे, मग एकेक केळं. सरांच्या बायको ते भल्या पहाटे करून पातेल्यात पाठवायच्या. एक बचाव सांभाळणारी मुलगी मला म्हणाली की ही स्पर्धा जिंकलो तर ती आयुष्यात पुन्हा पोहे खाणार नाही, आणि हरलो तर त्याच दिवशी सोडणार.

आणि मी. मी रोज कुर्ता धूत होते. हळदी रंग आता पिवळा झाला होता आणि पिवळ्याचा फिकट लिंबू रंग होऊ लागला होता. उपान्त्य सामन्याच्या दिवशी सकाळी तो नीट वाळला नव्हता. मी इस्त्री फिरवून, पंख्याखाली धरून ओलसर कुर्ताच घातला आणि निघाले. आई म्हणाली, दुसरा घाल, आजारी पडशील. मी म्हटलं, “नको, ते हरतील.” बोलल्यावर माझं मलाच ऐकू आलं.  ज्या बाईने स्वतःच्या लग्नात पत्रिकासुद्धा जुळवून बघितली नव्हती ती आता ओल्या कुर्त्यात हॉकीला निघाली होती.

उपान्त्य सामनाही ते जिंकले. अंतिम सामना रविवारी होता, आणि शनिवारी साहेबांनी मला ऑफिसात बोलावलं.

ते म्हणाले, “बेन, आता पोहे बंद.”

अंतिम सामना जास्त लोक बघणार होते. मोठ्या शहरातल्या एका क्रीडा वाहिनीने आमचं चित्र घ्यायचं कबूल केलं होतं. त्यांच्या माणसाने आधीच्या मुलाखती बघितल्या आणि साहेबांना विचारलं की तुमच्याकडे खेळाची माहिती असलेलं कोणी आहे का. हे साहेबांना लागलं. मलाही लागलं. त्यांनी मला प्रश्नच दिला. समोरचा संघ पेनल्टी कॉर्नरवर हमखास गोल करतो, त्याला तुम्ही कसं अडवणार. पेनल्टी कॉर्नर म्हणजे गोलच्या जवळून मिळणारा मोफत हल्ला, आणि तो संघ त्यासाठी नावाजलेला होता. प्रश्न चांगला होता. कोणत्याही समालोचकाने तोच विचारला असता. मी सरांना आधी सांगून ठेवू का, असं विचारलं. साहेब म्हणाले, नको, ते यायचेच नाहीत.

रविवारी मी कुर्ता तोच घातला. निदान तेवढं तरी, असा विचार केला. मैदान भरलं होतं. टर्फवर पाणी मारून झालं होतं, हॉकीत चेंडू नीट पळावा म्हणून कृत्रिम गवत ओलं करतात, त्याचा एक रबरी वास हवेत होता. सर ठरल्या जागी येऊन उभे राहिले. मला बघून हसले, कुर्त्याकडे बघून मान हलवली. कॅमेरामननी बोटांनी तीन, दोन, एक केलं.

मी विचारलं, “सर, समोरच्या संघाचे पेनल्टी कॉर्नर तुम्ही कसे अडवणार?”

सरांनी तोंड उघडलं. तोंडातून ‘पो’ एवढंच आलं आणि थांबलं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता. रस्त्यात अचानक हात सुटलेल्या मुलाचा चेहरा होतो तसा साठीच्या पुढच्या त्या माणसाचा चेहरा झाला. कपाळावर घाम आला. ओठ हलत होते, आवाज नव्हता. थेट प्रक्षेपणात शांतता फार लांब वाटते. मी ती भरून काढायला हवी होती, तोच माझा धंदा, पण माझ्याही तोंडून काही निघेना. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत उभे होतो आणि कॅमेरामन आमच्याकडे.

तेवढ्यात बाजूने धप धप आवाज आला. पॅड घातलेली गोलकीपर आली, सरांच्या आणि माझ्या मध्ये शिरली आणि माझ्या हातातला माइक आपल्या जाड हातमोज्यांत धरला. या मुलीने आठवडाभर माइकवर ‘सारुं’च्या पुढे काही सांगितलं नव्हतं. आता ती गुजरातीत सुरू झाली. त्यांच्यातली कोण कुठून चेंडू मारते, तिचा खांदा आधी कसा वळतो, आपल्या कोणत्या दोन मुली पुढे धावतील, ती स्वतः कुठल्या बाजूला झुकेल, सगळं सांगून टाकलं. मधे मला शंका आली की हे समोरचा संघही ऐकत असणार. तिलाही ती आली असावी, कारण ती एकदम थांबली, ‘अने बीजुं खोटुं पण कह्युं छे,’ म्हणजे यात काही खोटंही सांगितलंय, असं म्हणाली, माइक माझ्या हातात दिला आणि सरांना दंडाला धरून घेऊन गेली.

सामना सुरू झाला. मी मंडपात बसून समालोचन केलं, पण कशाचं केलं ते विचारू नका. सगळा वेळ मला वाटत होतं की ते हरले तर माझ्यामुळे. समोरच्या संघाला पेनल्टी कॉर्नर मिळाले, आणि दर वेळी ती मुलगी त्यांना वाटत होतं त्याच्या उलट बाजूला गेली. एक चेंडू तिने पॅडने, एक हाताने आणि एक चक्क हेल्मेटने अडवला. शेवटच्या सत्रात वाघोडियाच्या मुलींनी एक गोल केला आणि तेवढ्यावर जिंकल्या. शिट्टी वाजली तेव्हा मी काय बोलले ते मला आठवत नाही. आईच्या म्हणण्याप्रमाणे मी तिन्ही भाषा एकाच वाक्यात वापरल्या.

मग साहेबांचा फोन. विजेत्या प्रशिक्षकाची मुलाखत ताबडतोब हवी होती. सर कुठेच नव्हते. चषक घ्यायला कर्णधार पुढे गेली, फोटोत सगळ्या मुली होत्या, सर नव्हते. मी शोधत शोधत पाण्याच्या टाकीमागे गेले तर तिथे गोलकीपर पॅड सोडत बसली होती. मी तिला म्हटलं, मला सरांची माफी मागायची आहे, तुमचा शकुन मी मोडला.

ती खूप हसली. म्हणाली, शकुन कसला, ताई. सरांना माइकची भीती वाटते.

तिने सगळं सांगितलं. स्पर्धेच्या आधी सरांना कळलं की प्रक्षेपण आहे, मुलाखती आहेत, तेव्हा त्यांची झोप उडाली. मुलींनी मिळून त्यांच्याकडून एक वाक्य पाठ करून घेतलं, देवाची कृपा आणि मुलींची मेहनत. काहीही विचारलं तरी हेच सांगायचं. पहिल्या दिवशी ते जमलं, वर पोह्यांचंही सांगता आलं, म्हणून त्यांना धीर आला. दुसऱ्या सामन्याला वेगळा प्रश्न आला असता तर ते पळाले असते. म्हणून शकुनाची युक्ती काढली. ती तिचीच. नुसता प्रश्न तोच ठेवा म्हटलं तर तुम्हाला संशय आला असता, म्हणून कुर्ता आणि जागाही घातली, असं ती म्हणाली.

मी माझ्या लिंबू रंगाच्या झालेल्या कुर्त्याकडे बघितलं. तिनेही बघितलं आणि पॅडचा पट्टा सोडवण्यात फार लक्ष घातलं.

सर सापडले ते रस्त्यापलीकडच्या सेव उसळच्या गाडीवर. मुलींसाठी प्लेट मांडून घेत होते. मी माइक कॅमेरामनकडे देऊन हात मोकळे दाखवतच गेले. त्यांनी मलाही एक प्लेट दिली. तिखट इतकं होतं की माफीचे शब्द डोळ्यांतल्या पाण्यासकट बाहेर आले आणि त्यांना वाटलं मी रडतेय. त्यामुळे त्यांनीच मला समजावायला सुरुवात केली.

त्यांनी सांगितलं ते असं. तरुणपणी ते रेल्वेच्या संघातून खेळायचे. एका सामन्यात त्यांनी निर्णायक गोल केला आणि रेडिओवाल्यांनी त्यांना बोलावलं. भुसावळला त्यांच्या वडिलांनी आख्खी चाळ रेडिओभोवती गोळा केली, पेढे आणले. निवेदकाने विचारलं, गोल कसा केला. यांच्या तोंडून शब्द फुटेना. निवेदकाने वाट बघितली, मग म्हणाला की खेळाडू भावनावश झाले आहेत, आणि गाणं लावलं. घरी गेल्यावर वडील म्हणाले, रेडिओ बिघडला होता. चाळीत सगळ्यांनी तेच धरून ठेवलं. एकानेही त्यांना कधी खरं विचारलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

“तेव्हापासून माइक दिसला की गळा बंद,” सर म्हणाले. “तुम्ही पोह्यांचं विचारलंत ना ताई, तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर मला येणारा प्रश्न आला.”

हे सगळं ते सलग, एकदाही न अडखळता बोलत होते. बोलताना त्यांचे हात एका मुलीच्या स्टिकवर नवी पट्टी गुंडाळत होते. जुनी सोलायची, नवी ताणून धरायची, फेरा द्यायचा. नजर स्टिकवर होती आणि बोलणं आपोआप चाललं होतं. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या कॅमेरामननी हे माझ्याआधी ओळखलं. त्यांनी मला कोपर मारलं.

मी सरांना सरळच विचारलं. असंच बोललात तर मी रेकॉर्ड करू का. माइक समोर धरणार नाही, कॅमेरा तुमच्या हातांवर राहील, चेहरा दिसणार नाही. नाही म्हणालात तरी चालेल. त्यांनी विचार केला. मग गोलकीपरकडे बघितलं. ती उसळ खात होती, तोंड भरलेलं होतं, तिने नुसती मान हलवली. सर म्हणाले, मग अजून स्टिका आणा, एका स्टिकमध्ये माझं बोलणं मावायचं नाही.

मुलींनी सगळ्या स्टिका आणून ठेवल्या. मी छोटा माइक त्यांच्या शर्टाच्या खिशाला लावला आणि बाकावर बसले. त्यांनी पेनल्टी कॉर्नरबद्दल सांगितलं, रेडिओबद्दल सांगितलं, एकेका मुलीचं सांगितलं. कोणाचे वडील आधी नको म्हणत होते आणि आज सुट्टी टाकून आले, कोणाला बूट मोठे होतात म्हणून ती दोन मोजे घालते. वडिलांच्या पेढ्यांचं सांगताना हात थांबले, आणि हातांबरोबर बोलणंही. कॅमेरामन हलले नाहीत. मीही काही विचारलं नाही. थोड्या वेळाने पट्टीचा पुढचा फेरा पडला आणि ते पुढे बोलू लागले.

साहेबांना मुलाखत उशिरा मिळाली म्हणून ते रागावले होते. नुसते हात बघून आणखी रागावले. मग त्यांनी ती पूर्ण ऐकली, आणि ऐकून झाल्यावर ड्रोनचं चित्र मधे घालायचं त्यांनी स्वतःहून रद्द केलं. त्यांच्या बाबतीत हा मोठा त्याग होता. मोठ्या वाहिनीनेही ती घेतली. आईने बघितली आणि म्हणाली, हा माणूस चांगला आहे, आणि आता तो कुर्ता पोतेऱ्याला टाक. सरांनी स्वतः ती बघितली नाही. त्यांच्या बायकोने मात्र भुसावळच्या नातेवाइकांना एकेक फोन करून बघायला लावली, असं गोलकीपरने मला कळवलं. ती आता स्वतः फार बोलते. पुढच्या एका मुलाखतीत मला तिला थांबवावं लागलं.

एवढं झाल्यावर साहेबांच्या डोक्यात आलं की सरांना समालोचनालाच बसवावं. मला वाटलं ते नाही म्हणतील. त्यांनी एकच अट घातली, शेजारी जुन्या स्टिका आणि पट्ट्यांची पिशवी पाहिजे. हिवाळ्यातल्या मैत्रीपूर्ण सामन्यांना ते माझ्या बाजूला मंडपात बसू लागले. हात चालू, तोंड चालू. लोकांना ते आवडू लागले. मला फक्त मधूनमधून श्वास घ्यायला जागा मिळेनाशी झाली.

अडचण एकदाच आली. त्या मैदानावर आमचं समालोचन भोंग्यातूनही ऐकू जायचं, आणि त्या दिवशी सरांच्याच मुलींचा सामना होता. संघाला त्या दिवसापुरता त्यांचा सहायक सांभाळत होता. समोरच्या संघाने हल्ला चढवला, सरांच्या हातातली पट्टी ताणली गेली आणि समालोचन बाजूला राहून भोंग्यातून स्वच्छ मराठीत सूचना गेली की डावीकडची जागा सोडू नको, ती तिकडूनच मारणार. बचावातल्या मुलीने जागा धरली आणि चेंडू अडला. समोरच्या प्रशिक्षकांनी हात वर करून तक्रार केली.

अंपायर बाई खेळ थांबवून मंडपाकडे चालत आल्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी सरांकडे बघितलं. त्यांनी खिशातून हिरवं कार्ड काढून सरांसमोर धरलं. हॉकीत हिरवं कार्ड म्हणजे ताकीद आणि दोन मिनिटं मैदानाबाहेर. समालोचकाला ते कसं लागू करायचं, हे मी शिकलेल्या नियमांत कुठे नव्हतं, आणि अंपायर बाईंनाही ते माहीत असेल असं वाटलं नाही. सरांनी मात्र वाद घातला नाही. त्यांनी टोपी नीट केली, स्टिकची पट्टी बोटाने दाबून धरली, मंडपातून उठले आणि मागच्या खुर्चीवर, भोंग्याकडे पाठ करून, पूर्ण दोन मिनिटं बसून राहिले. तेवढा वेळ समालोचन मी एकटीने केलं.